नाशकात टूटू कोण घालणार

"एकदा फिर बघू," असं म्हणून ते दोन पावलं मागे सरकायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्या पोराकडे मान तिरकी करून बघत राहायचे. समोर टोमॅटो असो, वासुदेव असो की सीमेवरचा जवान, स्वतःभोवती एक गिरकी घेतल्याशिवाय त्याची त्या दुकानातून सुटका नसे. एकदा आमचे पीटीचे सर शिक्षकांच्या नाटकासाठी रावणाचा पोशाख घालून बघत होते. त्यांनाही, "सर, एकदा फिरा बघू." एवढा धिप्पाड माणूस, पण बिचारे जादाची तोंडं दोन्ही हातांनी सांभाळत फिरले. "डावीकडं झोळ येतोय," असं म्हणत यांनी ओठांत धरलेली टाचणी काढली आणि रावणाच्या कमरेला लावली.

रविवार कारंजाजवळच्या एका बोळात त्यांचं ड्रेपरीचं दुकान होतं. नाटकांचे आणि गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणारं दुकान म्हणजे ड्रेपरी, हे तुम्हांला सांगायला नको. तुमच्यापैकी बरेच जण अशाच एखाद्या दुकानातली टोचरी मिशी लावून कधी ना कधी मावळे झाले असतील. मी शाळेत मराठी शिकवते. पण "बाईंना आवड आहे" असं कुणीतरी एका मीटिंगमध्ये म्हणालं आणि गॅदरिंग कायमचं माझ्या गळ्यात पडलं. त्यामुळे दर हिवाळ्यात मी त्यांच्या दुकानात. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बाई. आता काका नाहीत. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात आणि दिवसभर गाणी वाजत असतात.

दुकानात शिरलं की डोक्यावर, छताच्या हुकाला, एक पांढरीशुभ्र वस्तू टांगलेली दिसायची. नवं गिऱ्हाईक हमखास वर बघायचं. कुणी विचारायचं, झुंबर विकायचं आहे का. एक आजी म्हणाल्या होत्या, मच्छरदाणी पोराची दिसतेय, मोठी नाही का? काका कधी रागावत नसत. सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं करून सांगायचे, "टूटू आहे तो. बॅलेचा."

बॅले नाचणाऱ्या मुली कमरेला घालतात तो झगा. चित्रात तुम्ही पाहिला असेल. जाळीच्या कापडाचे थरावर थर, आणि ते सगळे मिळून कमरेभोवती ताटासारखे आडवे, ताठ राहतात. काकांनी तो उलटा टांगला होता. सुलटा टांगला तर थर वजनानं खाली लोंबतात, असं ते सांगायचे. "सुलटा टांगला की झोपतो. मग उठवायचा त्रास."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा नको तो प्रश्न विचारला. म्हटलं, हा आमच्या परीला चालेल का? "परी नाही, बाई," ते म्हणाले. "परीला पंख असतात, तिला पायांचं काय काम? हा पायांसाठी केलाय." आणि मग ते सांगत बसले. मी मावळ्यांच्या पगड्या न्यायला आले होते आणि रिक्षा बाहेर थांबवलेली होती.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की या माणसाकडे टूटूची सगळी कहाणी आहे आणि ती तो हप्त्यांनी सांगतो. दोनेकशे वर्षांपूर्वी तिकडे युरोपात बायका लांब, जड झगे घालून नाचायच्या. मग एक आली, तिनं पोटरीपर्यंतचा, पातळ पांढरा घोळदार झगा घातला. "आपल्या परकराएवढाच," काका हात गुडघ्याखाली धरून दाखवायचे. "लोक येडे झाले. का? तर पाऊल दिसलं. चवड्यावर उभी राहिलेली दिसली." पुढे नाच अवघड होत गेला तसा झगा वर सरकत गेला. गुडघ्यापर्यंत आला, मग त्याच्याही वर गेला, आणि शेवटी आडवा झाला. नाचणारीला आपले पाय दाखवायचे होते, म्हणून कापडानं वाट सोडली, असं त्यांचं म्हणणं.

एका वर्षी त्यांनी गॅसच्या दिव्यांची गोष्ट काढली. तेव्हा वीज नव्हती, रंगमंचाच्या कडेला उघड्या ज्योती असायच्या, आणि हे जाळीचे झगे तर क्षणात पेट घेणारे. मुली भाजायच्या, मरायच्या. मग कुणीतरी कापड एका औषधी पाण्यात बुडवायची युक्ती काढली. त्यानं आग लागत नसे, पण कापड कडक व्हायचं आणि पिवळट दिसायचं. एका नामांकित मुलीनं ते घालायला साफ नकार दिला. "आणि एके दिवशी तालमीत ती बसायला गेली, झगा मागून असा वर उचलला, आणि शेजारी दिवा," एवढं बोलून काका थांबले आणि कपड्यांचं गाठोडं बांधायला लागले.

"मग?" मी विचारलं.

"मग पुढच्या वेळी. तुमची रिक्षा थांबलीय."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. पुढच्या आठवड्यात कपडे परत करायला खरं तर शिपाई जायचा, पण मी स्वतः गेले. ती मुलगी बरेच महिने अंथरुणात पडून होती आणि मग गेली, असं त्यांनी सांगितलं. "तरी म्हणायची म्हणे, पुन्हा नाचले तरी ते पिवळं घालणार नाही." एवढं बोलून ते वर हुकाकडे बघत बसले. खरं किती, खोटं किती, मी कधी तपासलं नाही. पण त्या दिवशी एक समजलं. हा माणूस गोष्ट अर्धी ठेवतो, कारण पुरी सांगितली तर समोरचा उठून जातो.

तसंही त्यांच्याकडे माणूस येण्याचे दिवस मोजकेच. गॅदरिंगच्या मोसमात बोळात चपलांचा ढीग पडायचा. जानेवारी सरला की सगळं ठप्प. मे महिन्यात मी एकदा सहज डोकावले तर काका गच्चीवर एकटेच कपड्यांना ऊन दाखवत होते. दोरीवर सगळी फौज ओळीनं वाळत होती आणि ते एका शेरवानीची बाही सरळ करत तिच्याशी काहीतरी पुटपुटत होते. मला बघून ओशाळले. खाली येऊन त्यांनी समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. तो टपरीवाला मला नंतर म्हणाला, "बाई, ते रोजच दोन सांगतात. एक सांगायला लाज वाटते त्यांना. मग कुणी आलं नाही की दोन्ही स्वतःच पितात."

हा टूटू आला कुठून, हे कळायला मला काही हिवाळे लागले. तरुणपणी काका मुंबईत एका ड्रेपरीच्या कारखान्यात कामाला होते. तेव्हा परदेशातून एक बॅलेची मंडळी आली होती. दुपारच्या तालमीत एकीच्या झग्याचा थर फाटला आणि यांच्या उस्तादानं यांना सुई-दोरा देऊन विंगेत पाठवलं. काकांनी तिथेच जमिनीवर मांडी घालून तो शिवला. ती बाई आली, तिनं झगा चढवला, यांच्यासमोर एक गिरकी घेतली, थर नीट पडतोय का पाहिलं, आणि स्टेजवर निघून गेली. बस, एवढंच. वडील वारले म्हणून ते नाशकात परत आले आणि दुकानात बसले, तरी ती गिरकी डोक्यातून जाईना. मग नवरीच्या घागऱ्याखाली लावतात ते कॅनकॅनचं ताठ कापड आणून, मधल्या थरात तार घालून, हातानं टाके घालत त्यांनी हा टूटू केला. "मी केला," हे सांगताना त्यांची छाती जरा फुगायची.

"आणि काकू काय म्हणाल्या?" मी विचारलं. काकू जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

"काय म्हणणार? म्हणाली, नाशकात कोण घालणार हे?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे किती वेळा ऐकलं असेल. टूटूवरची धूळ झटकताना, गिऱ्हाइकानं झुंबर म्हटल्यावर, कधी काहीही कारण नसताना. "म्हणाली होती, नाशकात कोण घालणार हे." मग थोडं थांबून, "तिला उत्तर द्यायचं राहिलंय, बाई." एकदाच कुणीतरी हा घालून स्टेजवर नाचावं, आणि आपण ते बघावं. त्या माणसाला आयुष्यात दुसरं काही मागायचं शिल्लक नव्हतं. मला कधी कधी वाटायचं, गेलेल्या बाईशी इतकी वर्षं भांडण चालू ठेवायचं म्हणजे काय हट्ट! आता तसं वाटत नाही.

तो भाड्यानं गेलाच नाही असं नाही. एकदा गेला आणि काकांना फार लागलं. लासलगावकडच्या एका शाळेचे तरुण गुरुजी आले होते. त्यांच्या गॅदरिंगमध्ये 'आमची पिकं' असा कार्यक्रम होता. त्यांनी वर पाहिलं आणि खूशच झाले.

"काका, हे लय भारी हाय. आमच्या कांद्याला देता का?"

"कांद्याला?"

"पाकळ्या पाहिजेल ना त्याला. पब्लिक सगळी कांद्यावाली हाय. दुसरं काय नाय, पण कांदा फसला तर नाव जाईल आमचं."

काकांनी का दिला कोण जाणे. गुरुजींचा उत्साह बघून असेल, किंवा इतकी वर्षं कुणी मागितलाच नव्हता म्हणून असेल. परत आला तो गुलाबी होऊन. कांदा लाल दिसावा म्हणून कुणीतरी हौसेनं वरून रंग शिंपडला होता. मी गेले तेव्हा काका मोरीत पाटावर बसून एकेक थर घंगाळात बुडवत होते आणि पाणी गुलाबी होत होतं. मला वाटलं रंगाचा राग आला असेल.

"रंग जाईल हो," ते म्हणाले. "मी गुरुजींना विचारलं, पोरगी फिरली का? तर म्हणाले, नाय काका, ती नुसती उभी होती. कांदा कशाला फिरल?"

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते गिळलं.

शेवटच्या काही वर्षांत गिऱ्हाईक कमी झालं. मोबाइलवर बोट फिरवलं की घरपोच मावळा येतो. गंमत म्हणजे टूटू मात्र सगळीकडे दिसायला लागला. पहिल्या वाढदिवसाला पोरींना फुगलेल्या जाळीचे झगे घालायची फॅशन आली. हॉलबाहेर गुलाबी झग्यातली एखादी चिमुरडी दिसली की काका स्कूटर थांबवायचे. मला वाटलं, नावं ठेवतील. पण ते म्हणाले, "बघा बाई, हिला कुणी शिकवलंय का? घातला की पोर आपोआप फिरतेच. दोनशे वर्षं झाली, अजून फिरतायत." आणि त्या अनोळखी पोरीकडे बघून ते असे हसायचे की तिची आई जरा संशयानं तिला जवळ ओढायची.

आणि मग गंगापूर रोडला एक बॅलेचा क्लास निघाला. आमच्या नववीतली एक उंच, अबोल मुलगी लहानपणापासून सुट्ट्यांत मावशीकडे पुण्याला जाऊन बॅले शिकत होती, ती त्या क्लासला जायला लागली. तिच्या एकटीचा नाच गॅदरिंगमध्ये ठेवायचं ठरलं. ऑनलाइन मागवलेला टूटू आला तो ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. तिची आई रडकुंडीला आली. मी म्हटलं, चला माझ्याबरोबर.

काकांनी काठीनं हुकावरून टूटू उतरवला. मुलगी आत जाऊन घालून आली. झग्याला वर जोडलेली चोळी घट्ट होत होती. काकांनी हुकांची पट्टी उसवली, मध्ये कापडाचा तुकडा घातला, पुन्हा हूक लावले.  मग मागे सरकले आणि नेहमीचं वाक्य म्हणाले. ती मुलगी चवड्यावर चढली आणि फिरली. एकदा नाही, फिरतच राहिली, त्या दोन कपाटांमधल्या टीचभर जागेत. तिची आई म्हणाली, "अगं, पुरे, काकांच्या काचा फुटतील." काका म्हणाले, "फुटू द्या."

ड्रेपरीवाला कार्यक्रमाला येतो, पण पडद्यामागे बसतो. टाचण्या लावतो, नाड्या बांधतो, मिशा चिकटवतो. काकांनी आयुष्यभर आपले कपडे स्टेजवर पाहिले ते पाठीकडून. मी म्हटलं, या वेळी तुम्ही समोर बसायचं. ते नाही-नाही म्हणाले आणि त्या संध्याकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून नाट्यगृहाच्या दारात सगळ्यांच्या आधी उभे होते. मी त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

आता आपल्याकडचे कार्यक्रम तुम्हांला माहीतच आहेत. संस्थेचे अध्यक्ष आले, त्यांचा सत्कार. पाहुणे आले, त्यांचा सत्कार. मग पाहुण्यांच्या हस्ते उपाध्यक्षांचा सत्कार. शाल, श्रीफळ, टाळ्या, आणि प्रत्येकाचे दोन शब्द, जे कधी दोन नसतात. नाट्यगृह ठरल्या वेळी रिकामं करायचं होतं. विंगेत आमचे पर्यवेक्षक माझ्या कानाशी लागले, "बाई, एक आयटम कापावा लागेल. तो बॅले काढू या. एकाच मुलीचा आहे, बाकी पालक नाराज होणार नाहीत."

त्यांचं गणित बरोबर होतं. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. तिसऱ्या रांगेत काका ताठ बसले होते, बाकी सगळे जांभया देत होते. मी पर्यवेक्षकांना काही बोलले नाही. सरळ निवेदन करणाऱ्या मुलीकडे गेले आणि म्हटलं, पुढचं नाव बॅलेचं घे. तिनं घेतलं. एकदा माइकवरून नाव गेल्यावर कुणाच्या बापाची टाप होती कापायची? त्याबद्दल मला नंतर ऑफिसात बोलावण्यात आलं, ते असो.

ती नाचली. मला बॅलेतलं काही कळत नाही. जांभया थांबल्या, एवढं मी सांगू शकते. मागच्या रांगांतून सुरुवातीला शिट्टी आली, ती पुन्हा आली नाही. शेवटी ती स्टेजच्या मध्यावर फिरायला लागली आणि तो पांढरा झगा तिच्याभोवती फिरू लागला. मी काकांकडे बघत होते. ते आनंदानं टाळ्या वाजवतील, रडतील, असं काहीतरी माझ्या मनात होतं. ते पुढे वाकून, डोळे बारीक करून, नुसते बघत होते. नाच संपला तेव्हाही तसेच बसून राहिले. मी कार्यक्रम आवरून बाहेर येईपर्यंत ते निघून गेले होते.

रविवारी मी टूटू परत करायला गेले. काकांनी तो टेबलावर उलटा पसरला, चष्मा लावला आणि थर उलगडून शिवण बघायला लागले. मला म्हणाले, "बाई, ती बाजू धरता का? ओढून धरा. याला दोन माणसं लागतात."

मी धरली. ते समोर बसून तुटके टाके काढायला लागले. 

"फिरताना पाहिलं तुम्ही? एक बाजू लवत होती. अगदी थोडी. प्रत्येक फेरीला."

"मला नाही दिसली, काका. कुणालाच नाही दिसली."

"मला दिसली. ही माझी बाजू." मग माझ्या हातातल्या बाजूकडे बोट केलं. "ती तिची."

मला काही उमजेना. त्यांनी सुई खाली ठेवली.

"मी केला, मी केला म्हणत आलो. अर्धा तिनं शिवलाय. ती तिथं बसायची, मी इथं. मागून सुरू करायचं आणि पुढं येऊन भेटायचं. दर वेळी ती आधी पोचायची. पहिला थर घेतला तेव्हा म्हणाली, नाशकात कोण घालणार हे? आणि टाका घातला. दुसऱ्या थराला पुन्हा तेच. हसायची आणि टाका घालायची. सगळ्या थरांना म्हणाली, बाई, आणि एकदाही हात थांबवला नाही तिनं. तिचा एक टाका सुटला नाहीये अजून. मी समोरून पाहिलं तेव्हा कळलं."

मी जाळी घट्ट धरून बसले. बाहेर बोळात कुणीतरी भंगार मागत गेलं.

"मी एकदाही तिला म्हणालो नाही की कुणीतरी घालेल," ते म्हणाले. "मान खाली घालून शिवत बसलो. मला वाटायचं चिडवतेय. तेवढं एक म्हणायला हवं होतं."

मग त्यांनी नवा दोरा तोडला आणि सुईत ओवायला लागले. ओवला जाईना. दोन-तीनदा दोऱ्याचं टोक ओलं करून पाहिलं आणि शेवटी सुई माझ्याकडे दिली. माझेही डोळे भरून आले होते, मलाही नेढं दिसत नव्हतं. ती सुई आम्ही बराच वेळ एकमेकांच्या हातात देत राहिलो.